एका पालकाचे घर आणि गावचा कारभार

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत मुख्याध्यापक, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लिहिलेले असते. ते नाव लिहिलेले आहे म्हणजे त्या घरात वडील आहेत, असे समजण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. वस्तुस्थिती मात्र नेहमीच तशी नसते. कोठे वडील वारलेले असतात, कोठे आई. कोठे वडील घर सोडून गेलेले असतात आणि त्यांचा ठावठिकाणा कोणास नसतो. कोठे पतिपत्नी कायद्याने विभक्त झालेली असतात, तर कोठे विवाहाशिवायच मातृत्व पदरी आलेले असते. कारणे निरनिराळी असली तरी परिणाम एकच असतो. दोघांनी वाहावयाचा भार एकावर पडतो. अशा घरास हल्ली 'एकल पालक कुटुंब' असे म्हणतात. या कुटुंबांसाठी ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना काय करता येईल, हा आजचा विषय आहे.

प्रथम या घरातील मूळ अडचण कोणती, ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे. अडचण पैशाची आहे, हे तर उघडच आहे. परंतु पैशाच्याही आधी तेथे वेळेची टंचाई असते. दोन माणसांच्या घरात एक जण मजुरीस गेला तर दुसरा मुलास दवाखान्यात नेऊ शकतो, शिधावाटप दुकानात उभा राहू शकतो, कचेरीत जाऊ शकतो. एका माणसाच्या घरात यांपैकी कोणतेही काम करावयाचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडावयाची. कापूस वेचणीच्या दिवसांत सिल्लोड, कन्नड वा सोयगाव तालुक्यातील शेतमजूर स्त्रीस एक दिवस बुडविणे किती जड जाते, हे गावात राहणाऱ्या माणसास सांगण्याची गरज नाही. वाळूज, चिकलठाणा अथवा शेंद्रा येथील कारखान्यात कंत्राटी कामावर असलेल्या स्त्रीची स्थिती याहून निराळी नाही. तिचा खाडा झाला की वेतन कापले जाते, आणि खाडे वाढले की कामच जाते.

ऊसतोडीच्या व्यवहारातील एक शब्द या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे. मुकादम मजुरांना उचल देतो ती 'कोयत्या'च्या हिशोबाने. एक कोयता म्हणजे पतिपत्नीची जोडी. जोडीतील एक जण नसला की उरलेल्या माणसास 'अर्धा कोयता' म्हणतात. त्याची उचल कमी होते आणि त्याला टोळीत घेण्यास मुकादमही फारसा राजी नसतो. मग अर्ध्याचा पूर्ण करण्यासाठी कोणास तरी उभे करावे लागते. पुष्कळदा ते 'कोणी तरी' म्हणजे सहावी-सातवीतील मूल असते. दिवाळीनंतर हजेरीपत्रकात एखाद्या नावापुढे गैरहजेरीची ओळ सुरू होते, तिच्या मुळाशी असा एखादा हिशोब असू शकतो. ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेतली म्हणजे 'पालक बेजबाबदार आहेत' हा शेरा लिहिताना लेखणी क्षणभर थांबेल.

निराधार माता व त्यांची मुले यांचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. संकटात सापडलेल्या विधवांना तेथे आसरा मिळे. त्यांपैकीच एका विधवेचा मुलगा, यशवंत, या दांपत्याने दत्तक घेतला, आणि तो पुढे डॉक्टर झाला. पंडिता रमाबाई स्वतः एका मुलीची विधवा माता होत्या. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. ही सर्व कामे व्यक्तींनी केली आणि समाजाचा रोष पत्करून केली. त्या काळी हे काम कोणत्याही सरकारी कचेरीचे कर्तव्य मानले जात नव्हते.

आज तसे नाही. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे आला. १९९३ साली अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या विषयांची जी यादी घटनेस जोडली, तिच्यात शिक्षण, महिला व बालविकास आणि समाजकल्याण हे तिन्ही विषय आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर एक स्पष्ट कर्तव्य टाकले आहे. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवावयाची, त्याचा प्रवेश, त्याची हजेरी व त्याचे शिक्षण पूर्ण होते की नाही यावर लक्ष ठेवावयाचे, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल असे पाहावयाचे. पूर्वी जे परोपकाराचे काम होते, ते आता कर्तव्याचे काम झाले आहे. हा फरक मोठा आहे.

साहाय्याच्या योजना नाहीत असेही नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली, ज्या मुलास एकच पालक आहे अशा गरजू मुलासाठी, ते अठरा वर्षांचे होईपर्यंत दरमहा साहाय्य मिळू शकते. २०२३ साली ही रक्कम १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता व घटस्फोटित स्त्रियांचा समावेश आहे, आणि तिचे मासिक अनुदान २०२३ सालीच १,५०० रुपये झाले. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कर्ता माणूस वारल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकवेळचे २०,००० रुपये मिळतात. याखेरीज ग्रामपंचायत व जिल्हा परिषद यांनी आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते.

मग हे साहाय्य पुष्कळ घरांपर्यंत का पोहोचत नाही? त्याचे कारण योजनांच्या अभावात नसून योजना आणि घर यांच्यामधील वाटेत आहे. ती वाट एकदा चालून पाहिली पाहिजे.

अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, सोयगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यात राहणारी, दोन मुलांची आई कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. तिचा पती वारला आहे. तिला प्रथम ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला पाहिजे. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत केली तर ते काम सोपे असते. मुदत टळली की विलंबशुल्क, पुढे वरिष्ठांची परवानगी, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी अडचण वाढत जाते. ज्या घरात नुकतेच दुःख कोसळले आहे, त्या घरात एकवीस दिवसांची मुदत कोणाच्या ध्यानी राहणार? त्यानंतर शेतजमीन असल्यास वारसाच्या नोंदीसाठी तलाठ्याकडे जावयाचे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात जावयाचे. निराधार अनुदानाचा अर्ज तहसील कचेरीत, खाते बँकेत, मुलांचे बोनाफाइड शाळेत. शेवटी बालसंगोपनाच्या अर्जासाठी शंभर किलोमीटरहून दूर छत्रपती संभाजीनगर शहरात यावयाचे.

शहरात आल्यावर आणखी एक घोटाळा होतो. जिल्हा परिषदेत महिला व बालविकास विभाग आहे, त्याच्याकडे अंगणवाड्यांचे काम असते. बालसंगोपनाचा अर्ज मात्र राज्य शासनाच्या जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावयाचा असतो, आणि मंजुरीचा आदेश बालकल्याण समिती देते. दोन कार्यालयांची नावे जवळजवळ सारखी, म्हणून एका कार्यालयातून दुसऱ्याकडे जाण्यातच दिवस मावळतो. एस.टी.च्या प्रवासात स्त्रियांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, ही चांगली गोष्ट आहे. परंतु बुडालेल्या मजुरीस अशी कोणतीही सवलत नाही. तीन-चार फेऱ्या झाल्या की बाई मनाशी हिशोब मांडते आणि पुढच्या फेरीस जात नाही. तिचा हिशोब चुकीचा नसतो. कारभाराची मांडणीच तिला परवडणारी नसते.

म्हणून स्थानिक कारभाराने या कुटुंबांना द्यावयाची पहिली मदत म्हणजे त्यांचा दिवस वाचविणे. माणसाने कागदाकडे न जाता कागदानेच माणसाकडे यावे, एवढे एक सूत्र धरले तर पुढील सर्व गोष्टी सुचू लागतात. अशी रीत आपल्याकडे पूर्वी अजमावलेली आहे. कोविडच्या साथीत ज्या स्त्रियांचे पती वारले, त्यांच्यासाठी राज्याने २०२१ साली 'मिशन वात्सल्य' हाती घेतले. तालुक्यास तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या, आणि त्या कुटुंबांना निरनिराळ्या योजनांचा लाभ एकत्रितपणे मिळवून द्यावा असे ठरले. साथ ओसरली. परंतु अपघाताने, आजाराने वा आत्महत्येने घरातील कर्ता माणूस जाणे काही थांबलेले नाही. साथीच्या काळापुरती केलेली मांडणी नेहमीच्या कारभारात आणण्यास कोणाचीच हरकत असू नये.

या कामी शाळेचे स्थान कोणते, ते आता पाहू. गावात तहसील नसते, बँक नसते, पुष्कळदा दवाखानाही नसतो. शाळा मात्र असते. घरात काही बिघडले की त्याची पहिली खूण शाळेत उमटते. मूल उशिरा येऊ लागते, डबा वा वही विसरू लागते, मोठी मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन येते किंवा मुळीच येत नाही. गावच्या कारभाराला ही खूण सर्वांत आधी दिसते ती शिक्षकाच्या डोळ्यांनी. म्हणून पुढील चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट नोंदीची. प्रत्येक मुख्याध्यापकाने जूनमध्ये व दिवाळीच्या सुटीनंतर, अशी वर्षातून दोनदा, एकाच पालकाच्या आधाराने राहणाऱ्या मुलांची यादी करावी. ही यादी वर्गात हात वर करावयास लावून कधीही करू नये. 'ज्यांचे वडील नाहीत त्यांनी उभे राहा' हे वाक्य कोणत्याही शाळेत उच्चारले जाऊ नये. शिक्षकास गाव ठाऊक असते. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांना घर ठाऊक असते. तिघांनी एकत्र बसून तासाभरात ही यादी होऊ शकते. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीकडे लखोट्यात द्यावी. भिंतीवर लावावयाची ही यादी नव्हे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ग्रामपंचायतीने वर्षातून दोन दिवस ठरवावेत. त्या दिवशी ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, सेतू केंद्राचा चालक व बँकेचा प्रतिनिधी यांनी शाळेच्या आवारात एकत्र बसावे. मुख्याध्यापकांनी बोनाफाइड आदल्या दिवशीच तयार ठेवावेत. जमलेले अर्ज पंचायत समितीने एकगठ्ठा करून योग्य त्या कार्यालयाकडे पाठवावेत आणि पोच आणून गावात द्यावी. पन्नास बायांनी पन्नास फेऱ्या मारण्यापेक्षा एका कर्मचाऱ्याने एक फेरी मारणे हा साधा हिशोब आहे. याच दिवशी घराच्या नोंदीही पाहाव्यात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर कोणाच्या नावावर आहे, मृत पतीच्या जागी पत्नीचे नाव लागले आहे की नाही, हे तपासावे. डोक्यावरचे छप्पर कागदोपत्री आपले आहे, एवढी खात्री असली तरी मुलांचे शिक्षण पुष्कळ स्थिर होते.

तिसरी गोष्ट वेळेची. पालकसभा सकाळी अकरा वाजता घेतली की तिला मजूर पालक येत नाहीत, एकटा पालक तर मुळीच येत नाही. सभा संध्याकाळी अथवा बाजाराच्या दिवशी घ्यावी. अंगणवाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून घेता आली तर धाकट्या भावंडासाठी घरी राहणारी मुलगी वर्गात येऊ शकेल. ग्रामपंचायतीस आपल्या महिला व बालकल्याणाच्या निधीतून गावात लहानसे पाळणाघर चालविता येईल काय, याचाही विचार व्हावा. ऊसतोडीस जाणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव करताना, ज्या मुलांच्या मागे आजी-आजोबाही नाहीत अशी 'अर्ध्या कोयत्या'ची मुले आधी धरावीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदाच सांगतो. त्या पालकांत निदान एक तरी एकटी आई वा एकटा बाप असावा.

चौथी गोष्ट सन्मानाची. प्रवेशाच्या वेळी 'वडिलांना घेऊन या' असे सांगणे बंद झाले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या व्याख्येप्रमाणे पालक म्हणजे आई किंवा वडील. दोघेही हवेत असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि आधीच्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवताही येत नाही. नवऱ्याचे घर सोडून माहेरी आलेल्या स्त्रीच्या मुलांना या दोन तरतुदींचा मोठाच आधार आहे. अविवाहित मातेस पालकत्वासाठी पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ठरविले की, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात प्रथम मुलाचे, मग आईचे, नंतर वडिलांचे नाव व शेवटी आडनाव लिहावे. ही मुले पहिलीत येतील तेव्हा रजिस्टर लिहिणाऱ्याचे मनही तितकेच बदललेले असावे.

सन्मानाच्या बाबतीत गाव किती करू शकते, याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात आहे. तेथील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या गोष्टी आपल्या गावात होऊ नयेत, असा तो ठराव होता. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. या ठरावास पैसा लागला नाही. शाळेलाही असा बिनखर्ची ठराव करता येईल. हळदीकुंकू, माता-पालक मेळावा, सावित्रीबाईंची जयंती अशा प्रसंगी पाहुण्यांचे स्वागत व मुलांना बक्षिसे देण्याचा मान एखाद्या विधवा मातेस द्यावा. आपल्या आईस सर्वांसमोर मान मिळालेला पाहणाऱ्या मुलास त्या दिवशी पाठ्यपुस्तकाबाहेरचा मोठा धडा मिळेल.

येथे एकट्या पित्याचीही आठवण ठेवली पाहिजे. बहुतेक योजना स्त्रियांसाठी आहेत आणि ते योग्यच आहे. परंतु आई वारलेल्या घरात चूल पुष्कळदा दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या वाट्यास येते. बाप मायाळू असतो, कष्टाळू असतो, पण पहाटे कामावर निघालेला असतो. मुलगी मागे राहते आणि दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. बालसंगोपनाची योजना मुलासाठी आहे. पालक आई आहे की वडील, याने तीत फरक पडत नाही, ही गोष्ट अशा पित्यास मुद्दाम सांगावी लागते. कारण तो स्वतः होऊन विचारावयास येत नाही.

यावर शिक्षकवर्गाकडून एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शिक्षकावर अशैक्षणिक कामांचा भार आधीच पुष्कळ आहे, त्यात आणखी हे एक काम कशास? उत्तर असे की, शिक्षकाने अर्ज भरीत बसावे किंवा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावेत, असे येथे मुळीच सुचविलेले नाही. शिक्षकाने पाहावे आणि कळवावे. धावपळ ग्रामपंचायतीने करावी. ती झाली की नाही, याची तपासणी पंचायत समितीने करावी. कामाची ही वाटणी पाळली गेली तरच योजना टिकेल. सर्व भार एकाच खांद्यावर टाकला तर तोही एका पालकाच्या घरासारखाच प्रकार होईल.

दुसरा आक्षेप असा की, या सवलतींचा कोणी गैरफायदा घेईल. एखादे खोटे प्रकरण येऊही शकेल. पण एका खोट्या अर्जाच्या भीतीने दहा खऱ्या अर्जदारांना पुराव्यासाठी दारोदार फिरविणे हा न्याय नव्हे. विशेषतः परित्यक्ता स्त्रीजवळ मृत्यूचा दाखला नसतो आणि न्यायालयाचा हुकूमही नसतो. पती हयात आहे, पण घरात नाही, याचा कागद तिने आणावा तरी कोठून? हे सत्य गावास ठाऊक असते. गावातील जबाबदार अधिकाऱ्यांनी चौकशी करून ते लिहून देण्याचे धैर्य दाखविले पाहिजे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात नऊ तालुके आहेत, आणि जिल्हा परिषदेची शाळा लहान लहान वाड्यावस्त्यांपर्यंत गेलेली आहे. इतक्या दूरवर पोहोचलेली दुसरी सरकारी वास्तू क्वचितच असेल. तिच्या दारातून रोज आत येणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक घर असते, आणि काही घरांत दिवा लावणारे एकच माणूस असते. त्या माणसाचा एक दिवस वाचविणे, त्याचे एक कागदाचे काम गावातच उरकणे आणि त्याच्याशी आदराने बोलणे, या तीन गोष्टींसाठी नव्या कायद्याची अथवा नव्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या जूनमध्ये प्रत्येक केंद्रातील निदान एका गावाने ही यादी करून असा एक दिवस ठरवावा, आणि त्या गावाचा अनुभव पुढील शिक्षण परिषदेत इतरांना ऐकावयास मिळावा, एवढीच अपेक्षा आहे.